आधी सपना

रूपरावांच्या डाव्या गालाला रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि त्या भोकाच्या आत काहीतरी वळवळत होतं. ज्योत्स्नानं बॅटरी जवळ नेली. पांढऱ्या, टपोऱ्या अळ्या. उजेड पडताच त्या मांसात आणखी आत शिरल्या.

वर्ध्यातल्या एका खासगी दवाखान्यात ती अठरा वर्षांपासून ड्रेसिंग करत होती. साखरेनं सडलेले पाय, पाठीच्या जखमांतून उघडं पडलेलं हाड, सगळं तिनं धुतलं होतं आणि त्याच हातांनी दुपारी डबा खाल्ला होता. पण इथं तिला मान फिरवावी लागली. तो वास नुसता नाकात जात नव्हता, जिभेवर येऊन बसत होता.

"जमेल ना, ताई?" दारातून धीरजनं विचारलं. धीरज बोरगाव मेघेच्या त्यांच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक. नागपुरात शिकून तीन वर्षांपूर्वी आलेला. रूपरावांची जखम धुवायला चला, अशी विनंती त्यानंच तिला केली होती. आता तो नाकाला रुमाल लावून उंबऱ्याच्या बाहेर उभा होता.

"जमते. तुमी आत या अन् बॅटरी धरा."

"मी इथंच प्रार्थना करतो."

ज्योत्स्नानं बॅटरी उशीला टेकवून ठेवली. टर्पेन्टाइनमध्ये गॉज भिजवून भोकात ठेवला आणि वाट पाहिली. थोड्या वेळानं अळ्या श्वासासाठी वर येऊ लागल्या. चिमट्यानं एकेक धरून ती स्टीलच्या वाटीत टाकत गेली. एकोणतीस निघाल्या. रूपरावांचे डोळे पाण्यानं भरले होते, पण ते हलले नाहीत. ओरडायचं म्हटलं तरी त्यांना ओरडता आलं नसतं. अर्धी जीभ कॅन्सरनं खाल्ली होती. नाकातून घातलेल्या नळीनं त्यांना पातळ पेज देत.

हे रूपराव पोस्टातून निवृत्त झालेले आणि तीस वर्षं मंडळीचे वडील. म्हणजे पाळकाच्या खालोखाल मान. पाळक बदलत राहिले, रूपराव राहिले. उपदेशाला उभं राहण्याआधी ते भिंतीआड जाऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकत, चूळ भरत आणि आत येऊन शुद्धतेवर बोलत. न्यायाचा दिवस आणि देवाचं राज्य, याशिवाय तिसरा विषय त्यांना नव्हता. त्यांच्या तोंडून ऐकताना वाटायचं, देवाचं राज्य म्हणजे सरकारी कचेरी आहे आणि दाराशी रूपरावच बसलेले आहेत.

आता त्यांची बायको वारली होती. एकुलता एक मुलगा मुकेश वर्ध्यात मोबाईलचं दुकान चालवत होता. बापाच्या जागी मंडळीनं त्यालाच वडील निवडलं होतं. बापाला त्यानं घरामागच्या टिनाच्या खोलीत ठेवलं होतं. सून पेजेची बाटली दाराशी ठेवून जायची.

जखमेत वास मारणाऱ्या गोळीची पूड भरून, पट्टी लावून ज्योत्स्ना हातमोजे काढत होती. रूपरावांनी उशाची वही ओढली आणि थरथरत्या, पण अजूनही देखण्या अक्षरात लिहिलं : 'देवाने माझं सगळं क्षमा केलं आहे. मनात पूर्ण शांती आहे.' मग बोट वर आभाळाकडे केलं आणि तोंडाचा जेवढा भाग शिल्लक होता तेवढ्यानं ते हसले.

अळ्या पाहून आली नव्हती एवढी किळस तिला ते हसू पाहून आली.

"सपना आठवते का, काकाजी?" तिनं विचारलं. "माही बहीण."

हसू गेलं. रूपरावांनी वही मिटली.

सपनाला मंडळीतून काढलं त्याला एकवीस वर्षं झाली होती. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, लग्न झालेलं नव्हतं आणि तिला पाचवा महिना लागला होता. रूपरावांनी रविवारच्या उपासनेत तिला प्रभुभोजनाच्या टेबलापुढं उभं केलं. अर्धा तास बोलले. देवाचं राज्य दाराशी आलं आहे, अशुद्ध असं काहीही त्यात जाणार नाही, सडलेला अवयव वेळीच कापावा लागतो. सपना खाली मान घालून ऐकत होती. शेवटी तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मले काई सांगायचं हाये."

रूपरावांनी हात वर केला. "गाणं घ्या," ते म्हणाले.

सगळे उभे राहिले. पेटी वाजली, ढोलकी वाजली. सपनाचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. चार कडव्यांचं गाणं रूपरावांनी दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी तिचे ओठ मिटले होते. संध्याकाळी आई कमलाबाईंनी तिला एका दूरच्या नात्यातल्या बाईकडं कारंजा घाडग्याला पाठवून दिलं. कॉलेजातला कोणी पोरगा असेल, असं सगळ्यांनी धरून घेतलं. तिला परत कोणी विचारलं नाही. ज्योत्स्नानंही नाही. पुढं सपना हायवेवरच्या एका ढाब्यावर भाकरी करू लागली, मुलगी वाढवली, सात-आठ वर्षांपूर्वी स्वतःची खानावळ टाकली. बहिणी नाताळला फोनवर बोलत. एकमेकींच्या तब्येती विचारत आणि फोन ठेवत.

ज्योत्स्ना रोज सकाळी ड्यूटीच्या आधी टिनाच्या खोलीत जाऊ लागली. मंडळीतल्या बाया तिला म्हणत, केवढं मोठं मन आहे तुझं. तिला ते ऐकवत नसे. खरं सांगायचं तर ती त्या माणसाचं सडणं पाहायला जात होती. ज्या तोंडानं सपनाला सडका अवयव म्हटलं, ते तोंड रोज थोडं थोडं गळून पडताना ती पाहत होती. घरी येऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुताना तिला स्वतःचाच वास आल्यासारखं व्हायचं.

सहाव्या दिवशी धीरज प्रभुभोजन घेऊन आला. माणूस जाण्याआधी त्याला भाकर आणि द्राक्षरस मिळावा, म्हणून. या वेळी मात्र तो उंबरा ओलांडून आत आला. मुकेशही मागं उभा होता. ज्योत्स्ना पट्ट्या गोळा करत होती. धीरजनं प्रार्थना केली, देवाची कृपा फुकट असते, ती कमवावी लागत नाही, असं सांगितलं आणि द्राक्षरसात बुडवलेला भाकरीचा कण पुढं केला.

रूपरावांनी त्याचा हात बाजूला सारला. वही घेतली आणि दोनच शब्द लिहिले : 'आधी सपना.'

धीरजनं ते मोठ्यानं वाचलं आणि गोंधळून ज्योत्स्नाकडं पाहिलं. मुकेशनं पुढं येऊन वही त्याच्या हातातून घेतली.

"बाबाचं डोकं आता काम नाई करून राह्यलं," तो म्हणाला. "काहीबी लिहितेत. तुमी या पाळकसाहेब, चहा ठेवला हाये."

दुसऱ्या दिवशी उशाशी वही नव्हती. पेनही नव्हतं. रूपराव तिची वाटच पाहत होते. तिच्या खिशातल्या पेनाकडं त्यांनी बोट केलं, मग कापसाच्या बंडलाकडं. तिला आधी कळलं नाही. मग तिनं बंडल सोडून कापसाभोवतीचा निळा कागद सरळ केला आणि त्यांच्या छातीवर ठेवला. ते पडल्या पडल्या लिहू लागले. पू गळत होता, मधूनच डोळे मिटत होते. संपल्यावर कागद त्यांनी घडी करून तिच्या बॅगेत स्वतःच्या हातानं घातला.

तिनं तो बाहेर स्कूटीजवळ उभं राहून वाचला.

'सपनाचं लेकरू मुकेशचं आहे. आदल्या संध्याकाळी ती घरी येऊन मला सांगून गेली होती. मी म्हटलं, उद्या मंडळीसमोर न्याय करतो. तिला बोलू द्यायचं नव्हतं म्हणून मी गाणं म्हणायला लावलं. मुकेशला मी सांगितलं, ढोलकी जोरात वाजव. हे मंडळीत वाचावं. रूपराव.'

घरातून मुकेशच्या मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. ज्योत्स्नानं डिक्कीतली पाण्याची बाटली काढली आणि तिथंच हात धुतले. मग पुन्हा धुतले. बाटली रिकामी झाली तेव्हा थांबली. याच मुकेशच्या हातून तिनं दर महिन्याला प्रभुभोजनाची भाकर घेऊन खाल्ली होती.

दुपारी तिनं दवाखान्याच्या जिन्यात बसून सपनाला फोन लावला. पलीकडं ट्रकचे हॉर्न, भांड्यांचा आवाज.

"सपना, तो मुकेश होता का?"

पलीकडचा गोंगाट हळूहळू कमी झाला. सपना आवाजापासून दूर कुठंतरी गेली असावी.

"कोनं सांगतलं तुले?"

"काकाजीनं. लिहून देलं."

"एकवीस वर्षं लागले त्याले."

"तू मले काऊन नाई सांगतलं वो? मी तुही सख्खी बहीण."

"तू बी गाऊन राह्यली होती, ज्योत्स्ना," सपना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी तुह्याइकडंच पाहत होती. वाटे, ही तरी थांबन. तू डोये मिटून गाऊन राह्यली होती."

आपण डोळे का मिटले होते ते ज्योत्स्नाला चांगलं आठवत होतं. बहीण दिसू नये म्हणून.

"रविवारी येतो मी," सपना म्हणाली. "तो कागद जपून ठेवजो."

संध्याकाळी ज्योत्स्ना धीरजकडं गेली. त्यानं कागद दोनदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"ताई, मुकेशभाऊंचं लग्न झालंय. दोन मुली आहेत. आज मंडळी त्यांच्याकडं बघून चालते."

"म्हणून?"

"देवानं जे माफ केलं ते आपण उकरून काढू नये. कृपा झाकते, ताई. कृपेचं कामच ते."

"झाकलेल्या जखमेत काय होते ते पाहाले मी तुमाले पह्यल्याच दिवशी आत बोलावलं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. "तुमी बाहेर उभे होते."

धीरजचा चेहरा लाल झाला. "मग काय करू? त्यांना शिक्षा ठोठावू? तो आपला अधिकार नाही. उशिरा आलेल्यालाही देव तेवढंच देतो, हे तर तुम्हीही मानता."

"मानतो ना. देवानं द्यावं. पन सपनाचं तोंड देवानं नाई दाबलं, आपण दाबलं. तिची माफी देव कसा परस्पर देऊन टाकन?"

धीरजनं कागद उचलून तिच्या हातात परत दिला. "रविवारी बघू," तो म्हणाला. तिला तो त्या क्षणी मुकेशपेक्षाही नकोसा वाटला.

रविवारी उपासना दहाला सुरू झाली. मुकेश आणि त्याची बायको-मुली मंडळीत गेल्यावर ज्योत्स्ना मागल्या दारानं टिनाच्या खोलीत शिरली. रूपराव धुतलेला सदरा घालून खाटेच्या कडेला बसलेले होते. तो त्यांनी स्वतःच कसाबसा चढवला असावा, गुंड्या खालीवर लागल्या होत्या. तिनं पट्टी बदलली, त्यांना धरून ऑटोत बसवलं. ऑटोवाल्यानं नाकाला गमछा बांधला.

सपना प्रार्थनाघराच्या फाटकाशी उभी होती. ढाब्यावरच्या आचेनं चेहरा रापलेला, केस करडे. तिनं रूपरावांकडं पाहिलं, पट्टीतून झिरपून कॉलरवर आलेल्या पिवळ्या डागाकडं पाहिलं आणि झटकन वळून फाटकाच्या बाहेर जाऊन ओकली. मग नळावर तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि परत आली.

"चाल," ती ज्योत्स्नाला म्हणाली.

तिघं आत गेली तेव्हा मुकेश भाकरीचं ताट घेऊन पुढं उभा होता. आधी वास पोहोचला. शेवटच्या रांगेतल्या बायांनी पदर नाकाला लावले, कोणीतरी लेकराला ओढून बाजूला घेतलं. रूपराव ज्या ज्या रांगेजवळून जात, ती रांग आतल्या बाजूला सरकत होती. तीस वर्षं हीच माणसं त्यांना दार उघडून देत होती.

"बाबाले कोनं आणलं इथं?" मुकेश ओरडला. "त्याईची तब्येत नाई बरी. घरी न्या."

रूपरावांनी मान हलवली आणि टेबलापुढं येऊन उभे राहिले. ज्योत्स्नानं निळा कागद धीरजच्या हातात दिला. धीरजनं तो उघडला, घसा खाकरला आणि तो बायबलमध्ये घालू लागला. "प्रार्थनेनंतर आपण..."

सपनानं कागद त्याच्या बोटांतून काढून घेतला आणि वाचला. हायवेच्या गोंगाटात ऑर्डरी सांगून कमावलेला आवाज होता तो. शेवटच्या माणसापर्यंत प्रत्येक शब्द गेला. वाचून झाल्यावर तिनं रूपरावांचं नाव वाचलं, तेही त्याच आवाजात.

मुकेशच्या बायकोनं दोन्ही मुलींचे हात धरले आणि ती बाजूच्या दारानं बाहेर निघून गेली. मुकेश म्हणाला, "हे खोटं हाये. म्हातारं भ्रमिष्ट झालं," आणि बापाकडं पाहिलं. रूपरावांनी हात उचलून त्याच्याकडं बोट केलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं. मुकेशनं ताट टेबलावर आदळलं, चार तुकडे खाली पडले. बायकोमागून तो बाहेर गेला.

रूपरावांनी सपनापुढं हात जोडले. घशातून कसलासा आवाज काढला. त्यातला एकही शब्द कळण्यासारखा नव्हता. धीरज हातात पेला घेऊन उभा होता आणि सपनाकडं पाहत होता. सगळेच तिच्याकडं पाहत होते.

"माह्याइकडं काऊन पाहता?" सपना म्हणाली. "टेबल माहा हाये का? देवाचा हाये ना? त्याले द्यायची असन भाकर तं द्या. देवाची कृपा देवाजवळ. माही माह्याजवळ. अन् मी आज देत नाई."

मग ती रूपरावांच्या अगदी समोर गेली. नाकाला पदर लावला नाही.

"काकाजी, न्यायाचा दिवस येनार, येनार, म्हून तुमी आमाले लय भेवाडलं. मले भेव नाई वाटत. मी त्या दिवसाचीच वाट पाहून राह्यली. माहं अर्धं बोलनं राह्यलं हाये. तिथं गाणं लावाले कोनी नसन. तुमी हजर राहा म्हंजे झालं."

रूपरावांनी मान हलवली. हो म्हणून हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊन पट्टीत मुरत होतं.

धीरजनं शेवटी द्राक्षरसात कापूस बुडवला आणि तो त्यांच्या ओठाला लावला. हे करताना तो पहिल्यांदाच त्या तोंडाजवळ गेला. त्यानं हात मागं घेतला नाही. ज्योत्स्नाला वाटलं होतं की हे पाहून आपलं मन हलेल. हललं नाही. ओठाच्या कडेनं लाल थेंब पुवात मिसळून खाली आला आणि तिला एवढंच कळलं, की या माणसाला देवानं जवळ घेतलं तर त्या पंक्तीला आपल्याला बसवणार नाही.

पण खरी किळस तिला आली ती उपासना सुटल्यावर. ज्या बाया रांगेत सरकून बसल्या होत्या, त्याच सपनाभोवती जमल्या. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "ये वो माय, प्रभूनं तुले परत आणलं. आमी तुह्यासाठी किती प्रार्थना केल्या!" दुसरी म्हणाली, "आमाले आधीपासूनच वाटे, तू तशी नाई." त्यांच्यातून वाट काढत सपना फाटकाकडं निघाली. ज्योत्स्ना भिंतीआड गेली, जिथं रूपराव खर्रा थुंकायचे तिथं, आणि सकाळचं सगळं ओकून टाकलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

रूपराव त्यानंतर अकरा दिवस जगले. मुकेशनं खोलीकडं फिरकणं बंद केलं, तेव्हा ज्योत्स्ना दोन्ही वेळा जाऊ लागली. आता ती त्यांचं सडणं पाहायला जात नव्हती आणि प्रेमानंही जात नव्हती. जखम होती म्हणून जात होती. शेवटच्या आठवड्यात अळ्या झाल्या नाहीत. धीरज रोज येऊन बॅटरी धरायचा. एकदा मध्येच त्यानं विचारलं, "ताई, ते देवाच्या राज्यात जातील, असं तुम्हाला वाटतं का?"

"मले वाटून काय होते?" ती म्हणाली. "मले तं ते तिथं नको हायेत. हे बी देवानं ऐकून ठेवावं."

मातीला थोडीच माणसं होती. मुकेशनं मंडळी सोडली. पुढं कळलं की नागपूरकडच्या दुसऱ्या मंडळीत तो जाऊ लागला आहे आणि तिथं गाणी बसवतो. ज्योत्स्नाला हे सांगणारी बाई म्हणाली, देवानं त्याला नवी सुरुवात दिली. ज्योत्स्ना तिच्याशी परत बोलली नाही.

महिनाभरानं ती एसटीनं कारंज्याला गेली. सपनाची खानावळ हायवेला लागूनच होती. दुपारची गर्दी होती. सपना चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती. तिची मुलगी समीक्षा सुट्टीवर आली होती आणि ताटं वाढत होती. ज्योत्स्ना चुलीच्या बाजूला पाटावर बसली.

"समीक्षाले सांगतलं का?" तिनं हळूच विचारलं.

"सांगतलं. दोन दिवस जेवली नाई. मंग म्हणते, त्या मानसाचं तोंड पाहाची मले गरज नाई."

ज्योत्स्नानं येताना पुष्कळ ठरवलं होतं. त्यातलं काहीच तिला सापडेना. "सपना," ती म्हणाली, "त्या दिवशी मी गायलं. मले माफ कर."

सपनानं तव्यावरची भाकर उलटवली. बाहेर दोन ट्रक येऊन थांबले आणि चार माणसं हात धुवायला नळाकडं गेली.

"भाकरी टाकाले बाई नाई भेटत मले रविवारची," सपना म्हणाली. "येत जाजो."

"अन् माफी?"

"आधी पीठ मळ."

ज्योत्स्नानं बाह्या वर केल्या आणि परात पुढं ओढली.